विश्वासात टिकायचं कसं? कोकणातल्या नवख्या ख्रिस्ती माणसासाठी, पायरीपायरीने

हा लेख तीन प्रकारच्या माणसांसाठी आहे. पहिली, नुकताच बाप्तिस्मा घेतलेली. दुसरी, वसई, रेवदंडा, वेंगुर्ले, सावंतवाडी अशा ठिकाणी जुन्या ख्रिस्ती घरात जन्मलेली, पण आत्ता कुठे स्वतःहून प्रार्थना करू लागलेली. तिसरी म्हणजे ज्यांना कुणीतरी "विश्वास ठेव, सगळं ठीक होईल" असं सांगितलं आणि ज्यांचं काहीही ठीक झालं नाही ती. तिसऱ्या गटातली माणसं देवळात सहसा मागच्या बाकावर बसतात आणि आशीर्वाद संपायच्या आत चप्पल शोधू लागतात.

माझं निरीक्षण असं की ऐन संकटात माणूस देवाला सोडत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं, श्रीवर्धन-मुरूडपासून दापोलीपर्यंत माड-पोफळीच्या वाड्या झोपल्या. त्या दिवशी पत्रे उडत असताना प्रार्थना कोण करत नव्हतं? विश्वास पातळ होतो तो पुढच्या दोन-चार वर्षांत. पंचनामा झालेला असतो, भरपाई पुरलेली नसते, नव्या माडाला फळ धरायला अजून अवकाश असतो, आणि विचारपूस करणारे आपापल्या कामाला लागलेले असतात. हा मार्गदर्शक त्या लांबलचक काळासाठी आहे. म्हणून यातलं बरंचसं काम साधं, रोजचं आणि खरं सांगायचं तर थोडं कंटाळवाणं आहे. रोजची एक वेळ आणि ठरलेली एक-दोन माणसं, टिकून राहण्याचा बराचसा भार यांच्यावरच असतो. ही सोय होता होईल तो संकट येण्याआधी करून ठेवायची.

कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघांचेही शब्द पुढे येतील. फादर असो की पाळक, मिस्सा (कॅथलिकांची उपासना) असो की प्रोटेस्टंटांची उपासना, आपापलं घ्यावं.

पायरी १ : दुखणं कुठलं ते आधी ओळखा

"माझा विश्वास उडालाय" असं म्हणणाऱ्या माणसाला मी आधी दोन प्रश्न विचारतो. झोप लागते का? आणि डोक्यावर कर्ज किती आहे? बऱ्याचदा उत्तर तिथेच सापडतं. महिनाभर धड न झोपलेल्या माणसाला देव दूर वाटणारच, त्याला जेवणही बेचव लागतं.

वहीचं एक पान घ्या आणि काय काय सतावतंय ते लिहा. मग प्रत्येक ओळीपुढे एक शब्द टाका : पैसा, शरीर, मन, घर, मंडळी (म्हणजे आपल्या देवळातली माणसं) किंवा देव. शेवटच्या रकान्यात तुम्हाला वाटलं होतं त्यापेक्षा बरंच कमी उरतं. जे उरतं ते खरं असतं, त्याला पुढे जागा आहे. पण बोटीच्या इंजिनाचा हप्ता थकलाय म्हणून रात्रभर जपमाळ ओढायची आणि पतपेढीत जाऊन मुदत वाढवून मागायची नाही, याला विश्वास म्हणत नाहीत.

बायबलमध्ये याचा धडधडीत दाखला आहे. १ राजे, अध्याय १९. एलिया संदेष्टा जीव मुठीत धरून रानात पळतो, एका झुडपाखाली बसतो आणि "पुरे झालं, आता माझा प्राण घे" म्हणतो. देवदूत येतो तो उपदेश करत नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं ठेवतो. एलिया खातो, पुन्हा झोपतो. देवदूत दुसऱ्यांदा उठवतो, पुन्हा खायला लावतो. देवाशी जे काही बोलणं व्हायचं ते त्यानंतर, चाळीस दिवसांची वाट चालून होरेब डोंगरावर गेल्यावर. हा क्रम पाठ करून ठेवा.

पायरी २ : दिवसातली एक वेळ बांधा, घड्याळाला नव्हे तर कामाला

नवख्या माणसाला सगळे सांगतात, पहाटे पाचला उठा, तासभर प्रार्थना करा. चार दिवस जमतं. पाचव्या दिवशी चुकतं, मग अपराधी वाटतं, आणि त्या अपराधीपणापायी सगळंच बंद पडतं. दहा मिनिटं पुरतात. पण ती रोज हवीत.

किनाऱ्यावर घड्याळाची वेळ चालत नाही, कारण भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते. आज पहाटे बोट सुटली तर आठवड्याने ती भलत्याच वेळी सुटणार. म्हणून प्रार्थना एखाद्या कामाला बांधा. बर्फ आणि डिझेल भरून झालं आणि बोट सुटायची वाट बघताय, ती दहा मिनिटं. नालासोपाऱ्याहून विरार लोकलने जाणाऱ्याने दारात लटकताना डोळे मिटू नयेत हे वेगळं सांगायला नको, पण फलाटावर गाडीची वाट बघताना एक स्तोत्र वाचून होतं. घरात असाल तर कुकर लावल्यापासून शिट्ट्या होईपर्यंत. आंबा बागायतदाराला फवारणीच्या दिवसांत सकाळी डोकं वर काढता येत नाही, त्याने दुपारी पंप धुऊन झाल्यावर बसावं.

वाचायचं काय? उत्पत्तीपासून सुरुवात करू नका. लेवीय येईपर्यंत दमछाक होते आणि पुस्तक कपाटात जातं. मार्कच्या शुभवर्तमानाने सुरुवात करा. येशूच्या चार चरित्रांत सर्वांत छोटं, सोळा अध्याय, रोज एक. ते संपलं की रोज एक स्तोत्र. सोबत प्रेषितांची कृत्ये घ्या, अठ्ठावीस अध्याय. डोळ्यांना त्रास असेल किंवा वाचायचा सराव नसेल तर मोबाइलवर मराठी बायबल ऐकायलाही मिळतं. पान उघडायची ताकद नसेल त्या दिवशी "प्रभूची प्रार्थना" एकदा, सावकाश म्हणा. तेवढ्याने दिवस धरला जातो.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते. खलाशी घरी, हातात वेळ, खिशात पैसा कमी, बाहेर पाऊस. बंदरावरच्या बऱ्याच घरांत दारू आणि भांडणं याच दोन महिन्यांत वाढतात. त्यामुळे या दिवसांसाठी आधीच काहीतरी ठरवून ठेवा. जाळी विणायला बसलेल्या चौघांत एकजण मोठ्याने अध्याय वाचतो, असंही करता येतं.

पायरी ३ : तक्रार देवाकडेच करा

ही पायरी नवख्यांना सर्वांत अवघड जाते, कारण कुणी शिकवतच नाही. प्रार्थना म्हणजे आभार आणि मागणं, असा आपला समज. पण स्तोत्रसंहिता उघडा. तिथे रडगाणी, आरोप, संताप यांची रेलचेल आहे. तेराव्या स्तोत्रात सहाच वचनं आहेत आणि सुरुवातीलाच "किती वेळ?" असा प्रश्न चार वेळा विचारलाय. अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र तर शेवटपर्यंत उजाडतच नाही, अंधारातच संपतं. तरी ते शास्त्रात ठेवलंय, कुणी वगळलं नाही. यरुशलेम पडल्यावरच्या आकांताला विलापगीत म्हणून पाच अध्यायांचं स्वतंत्र पुस्तक दिलंय. आणि येशूने क्रुसावर जे शब्द उच्चारले, "माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?", ते बाविसाव्या स्तोत्रातले आहेत.

तेव्हा तुमचं स्तोत्र तुम्ही लिहा. तेराव्या स्तोत्राचा साचा घ्या : आधी तक्रार, मग मागणं, मग जमलं तर भरवशाचं एक वाक्य. जमलं तर, हे महत्त्वाचं. तिसरा भाग ओढूनताणून आणायचा नाही. नमुना म्हणून एक देतो, वाडी गेलेल्या माणसाच्या तोंडी बसेल असा :

"देवा, किती दिवस? जिथे बारा महिने सावली असायची तिथे आता ऊन पडतं. बँकेचा माणूस दर महिन्याला येतो, तू येत नाहीस. धाकटीची फी भरायची आहे. मला आज रात्री झोप दे, आणि मंगळवारपर्यंत हप्त्याचं काहीतरी कर. आजी म्हणायची, तिच्या वेळेला तू होतास. मला अजून तसं म्हणता येत नाही."

यात शेवटी "तरीही मी तुझी स्तुती करीन" असं टाकायचा मोह होईल. खरोखर वाटत असेल तरच टाका. देवासमोर तोंडदेखलं बोलण्यात काय मिळणार, त्याला सगळं आधीच ठाऊक आहे! मार्कच्या नवव्या अध्यायात आजारी मुलाचा बाप येशूला एका दमात दोन गोष्टी सांगतो, मी विश्वास ठेवतो आणि माझ्या अविश्वासाला मदत कर. येशू त्याला परत पाठवत नाही, मुलगा बरा करतो.

लिहिलेल्या पानावर तारीख घाला आणि वही जपून ठेवा. कोकणातल्या पावसात कागदाला बुरशी धरते, म्हणून प्लास्टिकच्या पिशवीत. सहा महिन्यांनी उघडून पाहा. काही मागणी पुरी झालेली दिसतील, काही नाही, काही आता मागावीशीही वाटणार नाहीत. प्रेषित पौलाने देवाला अंगातला काटा काढ म्हणून तीनदा विनवणी केली होती. काटा निघाला नाही, "माझी कृपा तुला पुरेशी आहे" असं उत्तर मिळालं. उत्तर न मिळणं आणि नको असलेलं उत्तर मिळणं, यातला फरक वहीमुळे कळतो.

पायरी ४ : दोन माणसं ठरवा

गावभर सांगायचं नाही आणि कुणालाच न सांगता कुढायचंही नाही. दोन माणसं पुरेत. एक तुमच्यापेक्षा वयाने मोठं, ज्याने स्वतः काही सोसलंय. दुसरं बरोबरीचं, ज्याला रात्री अकरा वाजता फोन करता येईल. सुखात असतानाच त्यांना विचारून ठेवा, "कधी कठीण वेळ आली तर तुमच्याकडे येईन, चालेल ना?"

निवड करताना एक कसोटी लावा. तुमचं ऐकून झाल्यावर हे माणूस पहिलं वाक्य काय बोलतं? "तुझ्याच कुठल्या तरी पापामुळे झालं असेल" असं म्हणणारा नको. ईयोबाचे तीन मित्र सात दिवस आणि सात रात्री त्याच्याजवळ जमिनीवर गप्प बसून होते, तोवर फार चांगले होते. तोंड उघडलं आणि सगळं बिघडवलं. पुस्तकाच्या शेवटी देव त्यांच्यावरच रागावतो.

मंडळीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर दुःख टाकू नका. तिथे हात जोडलेले शंभर इमोजी येतात आणि संध्याकाळी कुणी विचारत नाही. शिवाय गोष्ट गावात फिरते ती वेगळीच.

कॅथलिक असाल तर कुमसाराची म्हणजे पापनिवेदनाची सोय आहे. तिथे ऐकलेलं फादरांना कुणालाही सांगता येत नाही, पोलिसांना नाही, बिशपांना नाही. ते मोडणाऱ्या धर्मगुरूला चर्चची सर्वांत कडक शिक्षा आहे. छोट्या गावात, जिथे भिंतीला कान असतात, ही केवढी मोठी सोय आहे ते लक्षात घ्या.

उलट, तुम्हीच कुणाचं दुसरं माणूस असाल तर? मयताच्या घरी जाताना वचनांची यादी घेऊन जाऊ नका. पेज घेऊन जा. सोबत लोणच्याची फोड किंवा भाजलेला सुका बांगडा. पातेलं ठेवा, भांडी घासायची असतील तर घासा, बसा. तेराव्या-चौदाव्या दिवशी, बाकीचे यायचे थांबल्यावर, पुन्हा जा.

पायरी ५ : रविवार सोडू नका, आणि देवळातच लागलं असेल तर

मन नसतानाही जायचं. गाणी म्हणवत नसतील तर बाकीचे म्हणतायत ते ऐका. तुमचा विश्वास डळमळलेला असताना शेजारच्या बाकावरची म्हातारी तुमच्या वाटणीचं "आमेन" म्हणत असते, मंडळीचा उपयोग तोच आहे.

वसईत हे सोपं आहे. पावलापावलावर देऊळ, मिस्सा मराठीत, धर्मग्रामात (एका देवळाच्या हद्दीत) ओळखीचे चेहरे. रत्नागिरीच्या एखाद्या आडगावात शिक्षक किंवा परिचारिका म्हणून बदली झालेल्याचं तसं नाही. जवळचं देऊळ एसटीने दोन तासांवर असू शकतं. त्याने महिन्यातून एक रविवार पक्का करावा आणि उरलेल्या रविवारी त्याच वेळेला घरात दिवा लावून त्या दिवसाचं वाचन करावं. शक्य तर फोनवर दुसऱ्या एखाद्या कुटुंबाला जोडून घ्यावं. मोबाइलवरची मिस्सा आजाऱ्याला उपयोगी पडते. धडधाकट माणसाला ती सोफ्यावर बसून चहा पिण्याची सवय लावते.

आता नाजूक भाग. कधी कधी लागलेलं असतं ते मंडळीतल्या माणसांमुळेच. पदाधिकाऱ्याचा टोमणा, जुन्या घराण्यांची "तुम्ही नवे" म्हणणारी नजर, लग्नाच्या वेळी निघालेली जात. हे होतं, आणि होत नाही असं म्हणणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. वसईचाच गोन्सालो गार्सिया बघा. १५५६-५७ च्या सुमाराचा जन्म. येशूसंघीय (जेझुइट) धर्मगुरूंबरोबर जपानला गेला, वर्षानुवर्षं त्यांच्या हाताखाली राबला, जपानी भाषेत तरबेज झाला, पण संघाने त्याला सदस्य करून घेतलं नाही. त्याने व्यापार सुरू केला. पुढे मनिलाला फ्रान्सिस्कन संघात बंधू म्हणून प्रवेश मिळाला, दुभाषी म्हणून पुन्हा जपानला गेला, आणि ५ फेब्रुवारी १५९७ ला नागासाकीत आणखी पंचवीस जणांबरोबर क्रुसावर मरण पत्करलं. १८६२ मध्ये त्याला संत घोषित केलं. मला त्याच्या हौतात्म्याइतकंच मधलं पर्व महत्त्वाचं वाटतं, ज्यात त्याला दार बंद होतं आणि तो माल विकत होता.

तर, टोमणा असेल तर थेट त्या माणसाशी बोला. जमत नसेल तर फादर किंवा पाळकांशी. तरीही गुदमरत असेल तर दुसऱ्या देवळात जा, पण कुठल्याच देवळात नाही असं करू नका. लहान मुलांशी गैरवर्तन, लैंगिक त्रास, पैशाचा अपहार, हे मात्र टोमण्याच्या रकान्यात बसत नाही. त्याची तक्रार पोलिसांत करायची. "मंडळीची बदनामी होईल" असं सांगणाऱ्याचं ऐकू नका.

पायरी ६ : औषध, पैसा, मार

वेंगुर्ल्याला अमेरिकन प्रेस्बिटेरियन मिशनने इस्पितळ काढलं त्याला सेंट ल्यूक्स नाव दिलं, कारण लूक हा शुभवर्तमान लिहिणारा माणूस वैद्य होता. प्रार्थना आणि गोळ्या यांचं भांडण नाही. प्रार्थनासभेत बरं वाटलं म्हणून रक्तदाबाची, फिटची किंवा मनाच्या आजाराची औषधं आपल्या मनाने बंद करू नका. बंद करायला सांगणारा कितीही मोठा प्रचारक असला तरी त्याच्या सभेला पुन्हा जाऊ नका. साप चावला तर आधी सरकारी दवाखाना, प्रार्थना वाटेत गाडीत.

जगू नये असं वाटत असेल, तर तो विश्वासाचा पराभव समजून लपवू नका. एलियालाही तसंच वाटलं होतं. टेलिमानस हा सरकारी क्रमांक १४४१६ आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. पायरी चारमधल्या माणसाला शेजारी बसवा आणि फोन लावा.

पैशाची अडचण फादरांना सांगायला लाजू नका. अनेक धर्मग्रामांत सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे लोक गुपचूप मदत करतात, ते काम १८३३ मध्ये सुरू झालं आणि आता जगभर चालतं. पण "इतकं दान द्या, देव दसपट देईल" असं सांगणाऱ्यापासून चार हात लांब. दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तो हाच. आणि परदेशी नोकरीच्या नावाखाली प्रार्थनासभेत पैसे गोळा करणाराही त्याच माळेचा मणी.

सोसणं आणि टिकणं यांची गल्लत बायकांच्या वाट्याला फार येते. नवरा मारतो, आणि सल्ला मिळतो, "क्रूस उचल, प्रार्थना कर, तो बदलेल." प्रार्थना माहेरी बसूनही करता येते. ताबडतोब धोका असेल तर ११२, महिलांसाठी १८१. कौटुंबिक हिंसाचाराविरुद्ध २००५ चा कायदा आहे, तो ख्रिस्ती घरांनाही लागू आहे.

पायरी ७ : घरचे वेगळ्या धर्माचे असतील तर

कोकणात नव्याने ख्रिस्ती झालेल्याची खरी परीक्षा चतुर्थीला होते. मुंबईहून सगळे चाकरमानी आलेले, घर भरलेलं, आणि आरतीला तुम्ही कुठे उभे राहणार याकडे सगळ्यांचं लक्ष. आयत्या वेळी ठरवायला गेलात तर तमाशा होतो. आधी आठ-पंधरा दिवस आईशी एकटीशी बोला. पाहुण्यांसमोर नको, फोनवर नको. काय करणार नाही ते एका वाक्यात सांगा, काय करणार ते सविस्तर सांगा : बाजारातून सामान आणणं, पंगत वाढणं, आजोबांना उठवणं-बसवणं, रात्री भांडी. आईचं उत्तर बहुधा तुमच्या भीतीपेक्षा सौम्य निघतं. मालवणी आया अशा वेळी सरळ हिशोबाला येतात, "आरतीक उभो रव नको, पण नारळ तरी खवून दी!"

नैवेद्याचं खावं की नाही, यावर पौलाने करिंथकरांच्या पहिल्या पत्रात आठव्या आणि दहाव्या अध्यायात बरंच लिहिलंय. ते वाचा, तुमच्या फादर-पाळकांशी बोला, आणि एकदा ठरवलं की दर वर्षी वाद घालू नका. न खाण्याचं ठरवलंत तरी ताट नाकारताना तोंड वाकडं करू नका. तुमच्या विश्वासाबद्दल घरच्यांचं मत त्या क्षणी तुमच्या चेहऱ्यावरून बनतं.

आणि घाई नको. रत्नागिरी जिल्ह्यात करजगावला जन्मलेल्या कवी ना. वा. टिळकांनी १८९५ मध्ये मुंबईत बाप्तिस्मा घेतला तेव्हा संसार फाटला. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई काही वर्षं वेगळ्या राहिल्या. पुढे परतल्या तरी सोवळं-ओवळं त्यांनी लगेच सोडलं नाही. ख्रिस्ती झाल्या त्या स्वतःला पटल्यावर, आपल्या पावलांनी. घरातल्या माणसाला वर्षभरात आपल्यासारखं करायला निघालेल्यांनी हे ध्यानात ठेवावं.

कागदपत्रांचंही बोलून टाकू, कारण याबद्दल कुणी आधी सांगत नाही. १९५० च्या आदेशानुसार अनुसूचित जातीचा दर्जा हिंदू, शीख आणि बौद्धांनाच मिळतो, ख्रिस्ती झाल्यावर तो राहत नाही. अनुसूचित जमातींना अशी धर्माची अट नाही, म्हणजे पालघरच्या वारली घरांचा प्रश्न वेगळा आहे. हे अन्यायाचं आहे की नाही यावर वाद चालू आहे, पण तुमच्या मुलाचा प्रवेश त्या वादासाठी थांबणार नाही. बाप्तिस्म्याआधी माहीतगार वकिलाला विचारा. धर्म लपवून दाखला वापरण्याचा सल्ला देणारे भेटतील. तो घेतलात तर रोज खोटं सांभाळावं लागेल, आणि त्या ओझ्याखाली प्रार्थना होत नाही.

पायरी ८ : वादळात मोठे निर्णय नको

प्रेषितांची कृत्ये, अध्याय २७ कोकणी माणसाने तरी वाचायलाच हवा. पौल कैदी म्हणून रोमला निघालाय, गलबतावर दोनशे शहात्तर माणसं, चौदा रात्री वादळ, ना सूर्य ना तारे. खोली मोजतात, वीस वाव, मग पंधरा. खडकावर आपटू या भीतीने खलाशी मागच्या बाजूने चार नांगर टाकतात आणि उजाडायची वाट बघतात. मधेच काही खलाशी छोटी होडी सोडून पळायच्या बेतात असतात, पौल ते ओळखतो. आणि पहाटे सगळ्यांना सांगतो, काहीतरी खाऊन घ्या. स्वतः भाकर घेतो, आभार मानतो, मोडतो, खातो. गलबत फुटतं, पण माणसं सगळी किनाऱ्याला लागतात, कुणी पोहत, कुणी फळ्यांवर.

बोट चालवणाऱ्या तांडेल मंडळींना यातलं काहीच समजावून सांगावं लागत नाही. बाकीच्यांसाठी एवढंच, की अंधारात नवा मार्ग शोधायचा नसतो. संत इग्नाती लोयोला यांनीही हेच शिकवलं : मन कोरडं, उदास असताना आधी शांतपणे घेतलेला निर्णय बदलू नये. दुःखाच्या पहिल्या वर्षात जमीन विकणं, मंडळी सोडणं, धर्म सोडणं, घाईने लग्न, घाईने व्रतस्थ जीवनात प्रवेश, सगळं थोडं थांबवा. मार किंवा जिवाचा धोका असेल तर मात्र थांबू नका, ते वर सांगितलंच आहे.

पायरी ९ : सुटलंच, तर परत कसं यायचं

सुटतं. वर्ष जातं, दहा वर्षं जातात. नोकरीला आखातात गेलेला परत येतो तेव्हा देवळाची पायरी चढायला त्याला लाज वाटते. येशूचा शिष्य पेत्र, त्याने तर कोंबडा आरवायच्या आत तीनदा येशूची ओळख नाकारली होती. नंतर तो चक्क मासे पकडायला परत गेला, आणि येशू त्याला तिथेच, किनाऱ्यावर निखारे पेटवून भेटला.

परत येताना मोठ्या सणाची वाट बघू नका. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला गर्दीत हरवायला होतं, दुसऱ्या दिवसापासून पुन्हा जैसे थे. साधा एखादा मंगळवार किंवा बुधवार निवडा, संध्याकाळच्या मिस्सेआधी अर्धा तास जा, फादर मोकळे असतात. कुमसाराची वाक्यं विसरला असाल तर सरळ म्हणा, "फादर, बरीच वर्षं झाली, कसं करायचं ते आठवत नाही." ते हाताला धरून पुढे नेतील, त्यांना हे नवीन नसतं. प्रोटेस्टंट असाल तर पुढच्या प्रभुभोजनाआधी पाळकांना घरी चहाला बोलवा आणि तेव्हाच बोला. देवळाबाहेर कुणीतरी "अरे, उजाडलं का तुझं?" असं म्हणणारच. हसून "उजाडलं, काका" म्हणायचं आणि आत जायचं.